चावी टेबलावर ठेव

माझी मुलगी आर्मेल दार वाजवत नाही. तिच्याकडे माझ्या घराची चावी आहे. ती फिरवते आणि सरळ स्वयंपाकघरात येते, जणू मी जिवंत आहे की आत मरून पडलेय याची खात्री करायला सरकारनंच तिला नेमलंय. आल्या आल्या फ्रिज उघडते, लोण्याची वडी नाकाशी नेऊन हुंगते. मग माझं मनगट धरते आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजते, आणि मी काही बोलायला गेले तर गप्प राहा म्हणून भुवईनं खुणावते. साठी उलटली तिची. मी तिला जन्म दिला, तिनं मला नाही, एवढं तरी आता तिच्या लक्षात राहायला हवं.

"आई, हे लोणी मऊ पडलंय."

"मऊ लोणी पावाला लागतं. दगड लागत नाही."

"आणि मीठ किती त्यात! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर लियाँचा आहे. आमच्या इथं ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर, दुआर्ननेत, बिनमिठाचं लोणी नावडत्या जावयालासुद्धा वाढत नाहीत."

पोरगी वाईट नाही. डोक्यावर मिरे वाटते आणि त्याला काळजी म्हणते, एवढंच. पण गेल्या वसंतात तिनं जे केलं ते या सगळ्यावर कडी करणारं होतं. ते सांगायचं तर आधी मी कोण ते सांगावं लागेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी एवढा भाग गाळला तरी चालेल. पण गाळू नका, मी चांगलं सांगते.

मी फिलोमेन केरे. ननांच्या शाळेत अक्षरं ओळखायला शिकले. ती जोडून भराभर शब्द व्हायच्या आत बाराव्या वर्षी आईनं मला बंदरावरच्या, सार्डिन मासे डब्यांत भरायच्या कारखान्यात नेऊन उभं केलं आणि शाळा संपली. बोट लागली की आम्ही बायका लांबच्या लांब टेबलांपाशी उभ्या राहून माशांची डोकी उडवायचो. झोप येऊ नये म्हणून गायचो. एकजण कडवं म्हणायची, बाकीच्या उचलायच्या. हात खाऱ्या पाण्यानं आणि माशांच्या तेलानं माखलेले, कागद धरायचा कुणी? लांबलचक गाणी, त्यातले बुडालेले नवरे, पळून गेलेल्या मुली, सगळं कानातून आत जायचं आणि तिथंच राहायचं. जो कान तिथं तयार झाला, त्यावर मी पुढं साठ वर्षं पोट भरलं.

मी सतरा वर्षांची असताना कारखान्यात सिनेमावाले आले. पॅरिसची एक नटी आमच्यासारखा रुमाल बांधून कामगार मुलगी झाली होती. तिला नायकाच्या थोबाडीत मारायची होती. ती अशी मारायची की गालावरची माशीसुद्धा उठली नसती. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. तेव्हा आमचा मुकादम पुढं झाला. आपला हात कुठं ठेवू नये हे मी त्याला आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. स्वतःचा गाल चोळत तो म्हणाला, "साहेब, ती केरेंची पोरगी बघा. तिचा हात चांगला बसतो."

बसला. आधी म्हणाले, नुसता हातच दाखवू. मग म्हणाले, चेहरा पण घेऊ. मग ती पॅरिसची बाई रडत गाडीत बसली आणि तिच्या जागी मी उभी राहिले. नायकाचा एक दात कायमचा हलला. पुढं आम्ही तीन सिनेमे एकत्र केले, दर वेळी तो मला तो दात हलवून दाखवायचा.

पॅरिसमध्ये त्यांनी मला सांगितलं, नाव बदल. मी म्हटलं, नाव मी आणलंय, तुम्ही दिलेलं नाही. म्हणाले, बोलण्यातला तो ब्रेतान्यचा हेल तरी काढ, तुला राणीचं काम करायचंय. मी म्हटलं, राणी ब्रेतान्यची होती असं लिहा. लिहिलं की! धोबिणी केल्या, चोराची विधवा केली, मंत्र्याची ठेवलेली बाई केली, ती राणीसुद्धा केली, आणि सगळ्या आमच्या बंदरावरच्यासारख्या बोलल्या. लोकांना आवडलं. ज्यांना आवडलं नाही ते मेले आता.

माझ्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. केरे सेटवर कागद घेऊन येत नाही. स्वतःचं तर पाठ असतंच, समोरच्याचंही असतं. वर्तमानपत्रांत आलं होतं, नव्या पोरांना उदाहरण म्हणून सांगायचे. बरोबर आहे. कागद घेऊन मी करणार काय? मी वाचते तेव्हा एकेका शब्दापाशी थांबून, पायरी चाचपत उतरावं तसं वाचते. नवरा होता तोवर लुई मला वाचून दाखवायचा. तो ध्वनिमुद्रणातला माणूस, आवाज गोड. एका वीणावादक बाईबरोबर तो कॅनडाला निघून गेला, तेव्हा आर्मेल सात वर्षांची होती. खुर्चीवर टेलिफोनची जाड डिरेक्टरी ठेवली, तिच्यावर पोरीला बसवलं आणि म्हटलं, वाच.

ती वाचायची, मी बटाटे सोलायचे आणि उत्तरं द्यायचे. समोरच्या सगळ्या भूमिका तिच्या. सातव्या वर्षी त्या पोरीनं मला तीनदा लग्नाची मागणी घातली, एकदा विष पाजलं आणि एकदा न्यायाधीश होऊन फाशीची शिक्षा दिली. शेजारीण विचारायची, तुमच्याकडे रोज एवढी भांडणं कशाची हो? पुढं आर्मेल परिचारिका झाली, लग्न केलं, पोरं झाली, निवृत्त झाली. रविवारी वाचायला येणं मात्र चुकलं नाही. नातवानं मध्यंतरी मला वाचून दाखवणारा फोन आणून दिला. त्याचा आवाज स्टेशनावर गाडी उशिरा येणार म्हणून सांगणाऱ्या बाईसारखा. एक शब्द कानात राहीना. परत दिला.

आणखी एक सांगते, कारण पुढं ते लागेल. खोटी ओळ माझ्या कानात बसत नाही. पोहून पोहून परत किनाऱ्याला येते. एका मोठ्या दिग्दर्शकानं माझ्यासाठी लिहिलं होतं, "तुझ्यावाचून मी एक श्वासही घेऊ शकणार नाही." आर्मेलनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी सेटवर उभी राहिले की ओळ गायब. सगळी माणसं खोळंबली. शेवटी मी काहीच न बोलता त्या माणसाच्या तोंडावर दार लावलं. आज लोकांना त्या सिनेमातलं ते दारच तेवढं आठवतं.

तर गेल्या वसंतात बातिस्त नावाचा दिग्दर्शक स्वतः लिहिलेला सिनेमा घेऊन माझ्याकडे आला. वय पस्तिशीचं, दाढी अर्धवट, हातात कार्नेशनचा गुच्छ. नटीला कार्नेशन! आमच्या धंद्यात ज्या नटीला काढून टाकायचं तिला थिएटरचा मालक कार्नेशन पाठवायचा, जिला ठेवायचं तिला गुलाब. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मादाम केरे, एका म्हाताऱ्या आईची भूमिका आहे. म्हणजे, म्हातारी असं नाही—"

"पोरा, मी म्हातारी आहे. पुढं बोल."

"मुख्य भूमिका आहे. आणि चित्रीकरण इथंच, तुमच्या गावात."

ती फुलं मी शेजारच्यांच्या सशाला घातली, पण भूमिका ठेवून घेतली. मला ती हवी होती, सरळ सांगते. बरीच वर्षं माझ्याकडे दोनच तऱ्हेची कामं येत होती, अंथरुणात मरणाऱ्या बायका आणि खिडकीत बसून आठवणी सांगणाऱ्या आज्या. ही बाई सबंध सिनेमाभर पायावर उभी होती. शिवाय ज्या गावात माझा हात पहिल्यांदा पडद्यावर बसला, तिथंच शेवटचाही बसावा असं मला वाटत होतं.

आर्मेलला वाटत नव्हतं. "आई, या वयात पहाटे उठून मेकअप? तुझं हृदय—"

"माझं हृदय मला विचारून धडधडतं. तू वाच."

ती वाचू लागली. दर रविवारी. कथा साधी होती. एक मुलगी घर सोडून जाते, आईचं सगळं दुखणंखुपणं, उचलठेव दुसरी मुलगी करते, आणि शेवटी आई घर विकायला काढते. शेवटच्या दृश्यात जवळ राहिलेली मुलगी घराची चावी परत द्यायला येते. तिथं आलं की आर्मेल दर वेळी उठायची. खिडकी लावायची, नाहीतर कॉफीचं भांडं उचलायची, आणि माझ्याकडे पाठ करून वाचायची. मला वाटलं, वारा लागत असेल. पहिल्याच खेपेला ते दृश्य मला पाठ झालं. तरी ती म्हणायची, "शेवटचं एकदा म्हण ना." मी म्हणायचे. दर रविवारी ती ते एकदा जास्तच म्हणायला लावायची.

चित्रीकरणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचायचं असतं. ते बंदराजवळ, शिडं शिवणाऱ्यांच्या जुन्या माडीवर ठरलं. सोमवारी विम्याचा डॉक्टर येणार होता. आमच्याकडे त्यानं मान हलवल्याशिवाय कॅमेरा फिरत नाही, आणि माझ्या वयाच्या नटीला तो जुनी बोट विकत घेणाऱ्यासारखा तपासतो, तळ ठोकून ठोकून. निर्मातीबाईनं मला आधीच गोड आवाजात सांगितलं होतं की कुठं जराशी शंका आली तर त्यांना दुसरी नटी बघावी लागेल. मी म्हटलं, बघा की, आहे कोण? तिनं लगेच दोन नावं सांगितली. म्हणजे बघून ठेवलं होतं.

टेबलाशी सगळ्यांसमोर कागद, माझ्यासमोर रिकामं टेबल. जवळ राहिलेल्या मुलीचं काम करणारी यास्मिना माझ्या समोर बसली होती. मार्सेयची पोर, डोळे चाकूसारखे. आर्मेल मागं खिडकीपाशी, मांडीवर माझ्या गोळ्यांची पिशवी. सुरुवात झाली. मी माझं म्हणत गेले, दोनदा एका नटाला त्याची चुकलेली ओळ पुरवली, आणि निर्मातीबाईचा चेहरा सैल पडला. असं आम्ही शेवटच्या दृश्यापर्यंत आलो.

यास्मिनानं वाचलं, "आई, ही चावी घे. मी निघते."

मी म्हटलं, "बस. चावी तुझ्याजवळच राहू दे. इतकी वर्षं दार तूच उघडत आलीस, मी नुसती आत शिरले. तुझ्यावाचून मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले असते."

कुणी पुढचं बोलेना. मी वाट बघितली. पानं उलटल्याचा आवाज आला, पुढं, मग मागं. यास्मिनाचे डोळे भरले होते, पण बोट कागदावर काहीतरी शोधत होतं.

बातिस्त खाली वाकून म्हणाला, "मादाम, आपण कुठल्या पानावर आहोत?" आजाऱ्याला विचारतात त्या आवाजात.

"शेवटच्या."

"इथं असं काही नाहीये."

कुणीतरी माझ्यापुढं पाण्याचा पेला आणून ठेवला. माणूस संपला असं ठरलं की पहिल्यांदा त्याला पाणी देतात. निर्मातीबाईनं बातिस्तकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत मला ती दोन्ही नावं ऐकू आली. त्यांना वाटलं, केरेचं डोकं गेलं. नाही ते बोलते. मला सशानं खाल्लेली कार्नेशन आठवली.

मी मान वळवली. आर्मेलचा चेहरा उकळत्या पाण्यातून काढलेल्या खेकड्यासारखा झाला होता. तेव्हा मला कळलं. ती खिडकी, ते कॉफीचं भांडं, ती पाठ.

ती उठलीच. "चूक आईची नाही. मी—"

"खाली बस," मी म्हटलं. "इथं माझं काम चाललंय."

मग मी बातिस्तकडे वळले. "तुझं पान बरोबर आहे आणि माझं डोकंही. मला भराभर वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. ही माझी मुलगी, ती वाचते आणि मी ऐकते. या खेपेला तिनं वाचताना स्वतःच्या पदरची भर घातली."

यास्मिनानं कागदावरचं बोट उचललं.

"पण मादाम," बातिस्त चाचरत म्हणाला, "सगळे तर म्हणतात की केरे कागद..."

"कागद आणत नाही म्हणतात. कागद वाचते असं मी कुणाला सांगितलं होतं? साठ वर्षांत एकानंही विचारलं नाही. तू तरी विचारलंस?"

एकजण हसला, मग खोकला आला असं दाखवू लागला.

"यास्मिना," मी म्हटलं, "खरं दृश्य वाच. एकदाच. माझंही वाच, तुझंही वाच. रडू नकोस, नुसतं वाच."

तिनं वाचलं. त्या कागदात आई म्हणत होती, "चावी टेबलावर ठेव. जाताना दार नीट लाव, वारा येतो." बस, एवढंच. मग मुलगी थोडं बोलते, आई ऐकून घेते, मुलगी जाते. वाचून होताच मी ते सगळं म्हटलं, माझं आणि तिचंही, तिनं जिथं दम घेतला होता तिथं दम घेऊन. वाऱ्याची ओळ आली तेव्हा यास्मिनानं खरोखर मागं वळून दाराकडे पाहिलं.

निर्मातीबाईनं पाण्याचा पेला स्वतःकडे ओढला आणि पिऊन टाकला. "सोमवारी डॉक्टर दहाला येतील, मादाम केरे," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल?"

"त्याला चालेल का ते विचारा. जिना उंच आहे."

बातिस्त मात्र खुर्चीत चुळबुळत होता. "मादाम, एक विचारू? ती आधीची ओळ. दार तूच उघडलंस, मी नुसती आत शिरले. ती ठेवू या का? माझ्या ओळीपेक्षा सुंदर आहे."

"आहे. पण तुझी म्हातारी तसं बोलणारी नाही. ती चावी मागून घेणारी आहे. अशा बायांच्या शेजारी उभी राहून मी मासे कापलेत. प्रेमानं गुदमरतील, पण आधी वाऱ्याची तक्रार करतील. तुझी ओळ खरी आहे, तिला हात लावू नकोस."

"तरीही—"

"आणि दुसरी ओळ सिनेमासाठी नाही. ती माझ्या घरची आहे. मिळणार नाही."

घरी जाताना आर्मेल माझ्या दोन पावलं मागं चालत होती. एरवी ती पुढं असते, पायऱ्या दाखवत. दाराशी आलो तर चावी हातात धरून तशीच उभी.

"उघड," मी म्हटलं. "माझी चावी आत राहिलीय."

तिनं उघडलं. मी खुर्चीत बसले. ती उभीच. फ्रिजकडे बघितलंसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

"बोल."

"मला वाटलं, पहिल्याच रविवारी तुझ्या ध्यानात येईल," ती म्हणाली. "म्हणशील, हे असं कोण लिहितं, पुढं वाच. मग मी हसून खरं वाचलं असतं. पण तू ते म्हटलंस. अगदी न अडखळता. मग वाटलं, पुढच्या रविवारी दुरुस्त करू. आणि पुढच्या रविवारी परत ऐकावंसं वाटलं."

"आणि गेल्या रविवारी?"

"तेव्हाही वाटलं." तिनं नाक पुसलं. "तुझं काम गेलं असतं, आई. माझ्यामुळं."

"गेलं नाही."

"तू ओरड ना एकदाची. गप्प बसलीस की मला भीती वाटते."

मी पाव कापला. त्यावर लोणी लावलं, तिच्या डॉक्टरला चक्कर यावी इतकं. बशी तिच्याकडे सरकवली. ती बसली, चावी अजून मुठीत. आसवं पावावर टपकत होती आणि ती तो तसाच खात होती, सात वर्षांची असताना खायची तशी. तिचं होईपर्यंत मी थांबले. मग मी तिला म्हटलं:

"ऐक, आर्मेल. तू वाचतेस चांगलं, लिहितेस त्याहून चांगलं, पण चोरी करायला तुला अजिबात येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलंस तेही माझ्यापासून, आणि शेवटी भर सभेत उघडं पाडलंस. हवं होतं तर मागायचं. मी दिलं असतं की नाही ते मला माहीत नाही, पण तू मागायचं होतंस. आता दुसरं ऐक. खोटी ओळ माझ्या कानात बसत नाही, हे जगात एकट्या तुला माहीत आहे. त्या श्वासाच्या ओळीपायी सगळा सेट खोळंबला होता, आठवतं ना? तुझी ओळ पहिल्या वाचनात बसली. पहिल्या! यापुढं त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. डोळे पूस, लोण्यात मीठ आधीच भरपूर आहे. चावी ठेव तुझ्याजवळ. पण उद्यापासून दार वाजवून येत जा."